फटफटीवाला आणि समाजाची नजर

मराठी माणसाने मोटारसायकलीला पहिले नाव दिले ते तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ या शब्दात ना तिचे रूप आहे, ना तिचा वेग; आहे तो केवळ दुरून कानी पडणारा आवाज. नांदेडच्या बाजूला देगलूर-बिलोलीकडच्या किंवा लातूरच्या बाजूला औसा-निलंग्याकडच्या एखाद्या खेड्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे वाहन दिसण्याआधी ऐकू येत असे. शिवारात काम करणारी माणसे पाठ सरळ करून वाटेकडे पाहत, पोरे वेशीकडे धावत आणि चावडीवर बसलेले वडीलधारे डोईचा पटका सावरून घेत. पटका सावरण्याची ती क्रिया वाहनाच्या स्वागतासाठी नव्हती. त्यावर बसून येणारा माणूस कोण असणार, याचा अंदाज त्यांना होता, म्हणून ती होती.

आज त्याच गावात अनेक घरांपुढे मोटारसायकल उभी असते आणि तिच्या आवाजाने कोणाचीही मान वळत नाही. या दोन टोकांच्या दरम्यान मोटारसायकलस्वाराकडे पाहण्याची समाजाची दृष्टी निदान तीनदा बदलली. प्रथम धाक, नंतर हेवा, पुढे संशय आणि अखेरीस उदासीनता, असा हा प्रवास आहे. तो एका यंत्राचा इतिहास नव्हे. वेगाने जाण्याचा अधिकार कोणाला आहे, याविषयी समाजाने वेळोवेळी दिलेल्या निवाड्यांचा तो इतिहास आहे.

सत्तेचा आवाज

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. त्या राजवटीत घोडा ही सत्तेची खूण होती. गढीवरचा देशमुख, जहागीरदाराचा कारभारी, वसुलीला येणारा अंमलदार यांच्याकडे रयत खालूनच पाहत असे. स्वार वर आणि पायी चालणारा खाली, ही केवळ शरीराची स्थिती नव्हती. ती समाजरचनाच होती. हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परंतु स्वाराकडे पाहण्याची ही सवय लगेच मोडली नाही. तिने केवळ घोड्याच्या जागी यंत्र स्वीकारले.

या देशात मोटारसायकलीचा कारखाना निघाला तोही मुळात शासनाच्याच गरजेपोटी. १९५५ च्या सुमारास मद्रासमध्ये ३५० सीसीची बुलेट तयार होऊ लागली ती लष्कराच्या मागणीमुळे. पुढे पोलिसांनी ती उचलली आणि ‘फौजदाराची बुलेट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९६१ पासून मैसूरला जावा आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलिश बनावटीवर आधारलेली राजदूत बाजारात आली. राजदूत या नावाचा अर्थ राजाचा दूत. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत मोटारसायकल खरोखरच राजाचा दूत म्हणून आली, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे खडी फोडण्याच्या आणि तलावाच्या कामांवर गेली. त्या कामांवर फटफटीवरून येणारा ओव्हरसियर काम मोजणार, त्यावर हजेरीपटातली मजुरी ठरणार आणि त्या मजुरीवर संध्याकाळची चूल पेटणार, असा तो थेट संबंध होता. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. त्यानंतर कर्जप्रकरणाची पाहणी करणारा फील्ड ऑफिसर मोटारसायकलवर दिसू लागला. पाटबंधारे खात्याचा अभियंता, तालुक्याचा डॉक्टर, विम्याचा विकास अधिकारी यांचीही तीच ओळख होती. या माणसांविषयी गावात आदर होता, परंतु त्या आदराच्या मुळाशी गरज होती. ज्याच्या सहीवाचून आपले अडते, त्याच्या वाहनाचा आवाज मनुष्य फार लवकर ओळखू लागतो.

प्रतीक्षायादीतील प्रतिष्ठा

शहरांत चित्र थोडे निराळे होते. साठ-सत्तरच्या दशकांतील नांदेड हे सायकलींचे आणि सायकलरिक्षांचे गाव होते. वजिराबादेतील व्यापारी असो, कचेरीतील कारकून असो वा महाविद्यालयातील प्राध्यापक, बहुतेकांची भिस्त सायकलीवरच होती. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी पेठ होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर बैलगाड्यांची आणि हातगाड्यांची वर्दळ असे. अशा गावात स्वतःची स्कूटर वा मोटारसायकल असणे ही केवळ सोय नव्हती, तो सामाजिक दाखला होता.

हा दाखला दुर्मीळ का होता, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कोणी काय आणि किती उत्पादन करावे हे परवान्याने ठरू लागले. स्कूटरसाठी तर १९६० मध्ये वितरण आणि विक्री यांचे नियंत्रण करणारा स्वतंत्र आदेश काढण्यात आला. मागणी वाढत गेली, परवान्याने बांधलेले उत्पादन मात्र तिच्या मागे राहिले. इटालियन कंपनीशी झालेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणारी ही गाडी मिळवायची तर नाव नोंदवून आठ-दहा वर्षे थांबावे लागे. ज्याचा क्रमांक लागे, तो ती चालवण्याऐवजी चढ्या भावाने विकून मोकळा होऊ शकत असे. वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग, हा बाजाराच्या सर्व नियमांना उलटा करणारा चमत्कार त्या काळाने पाहिला.

अमेरिकन विचारवंत थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दाखवून दिले होते की, काही वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर इतरांना दिसाव्यात म्हणून वापरल्या जातात. परंतु आपल्याकडील स्कूटरच्या प्रतिष्ठेला त्याचे सूत्र पूर्णतः लागू पडत नाही. येथे प्रतिष्ठा श्रीमंतीने जितकी निर्माण केली तितकीच टंचाईने आणि शासनाच्या परवान्याने निर्माण केली. लोक ज्याचा हेवा करीत, तो धनवान असेच असे नाही. त्याचा क्रमांक लागला होता, इतकेच.

या प्रतिष्ठेतही उतरंड होती. बुलेटवाला सर्वांत वर, जावा-येझदीवाला हौशी, चेतकवाला संसारी आणि सभ्य. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने आणलेल्या लूनावर बसणारा शिक्षक वा कारकून हा मात्र विनोदाचा विषय होई. वस्तुतः स्वतःच्या पगारात, कोणाच्याही मेहेरबानीवाचून वाहन घेणारा तो पहिला मध्यमवर्गीय होता. परंतु समाजाने त्याच्या स्वावलंबनापेक्षा त्याच्या गाडीचा आकार मोजला. राजदूतचीही गंमत अशीच. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती शहरात येऊ लागली, आणि जिने ओव्हरसियरला मान दिला होता, तीच आता ‘दूधवाल्याची गाडी’ म्हणून हिणवली जाऊ लागली. यंत्र तेच, इंजिन तेच. बदलला होता तो केवळ त्यावर बसणारा माणूस.

पश्चिमेचा उलटा प्रवास

या बाबतीत पाश्चात्त्य देशांचा अनुभव आपल्या नेमका उलट आहे. अमेरिकेत १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलस्वारांच्या मेळाव्यात धुडगूस झाला आणि वृत्तपत्रांनी त्याला दंगलीचे रूप दिले. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला. त्यातील चामडी जाकिटातला टोळीनायक इतका धोकादायक मानला गेला की, ब्रिटनमध्ये त्या चित्रपटाला अनेक वर्षे परवानगी मिळाली नाही. १९६४ मध्ये क्लॅक्टन, ब्रायटन या समुद्रकिनाऱ्यांवर स्कूटरवाल्या आणि मोटारसायकलवाल्या तरुणांच्या गटांत मारामाऱ्या झाल्या. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन याने १९७२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि मूळ घटनेपेक्षा तिच्याविषयीची भीतीच वृत्तपत्रांनी कशी वाढवली, हे दाखवून दिले. तेथील मोटारसायकलस्वार श्रमिक वर्गातला, बंडखोर आणि म्हणून बदनाम होता. त्याला सभ्य ठरवण्यासाठी होंडा कंपनीला साठच्या दशकात ‘आमच्या गाडीवर सज्जन माणसे भेटतात’ अशा आशयाची जाहिरात करावी लागली.

तेथे गुंड म्हणून आलेला स्वार पुढे सभ्य झाला. आपल्याकडे तो सरकारी अधिकारी म्हणून आला आणि पुढे संशयित झाला. याचे कारण असे की, पाश्चात्त्य देशांत मोटारसायकल ही मोटार न परवडणाऱ्याची गाडी होती. आपल्याकडे ती सायकलही न परवडणाऱ्यांच्या गर्दीतून जाणारी गाडी होती.

सडकसख्याहरी ते संशयित

हे परिवर्तन घडवले ते ऐंशीच्या दशकाने. १९७३ मधील ‘बॉबी’ने तरुण नायकाला छोट्या राजदूतवर बसवले, १९७५ च्या ‘शोले’ने दोन भुरट्या चोरांची मैत्री साइडकार लावलेल्या मोटारसायकलवर अजरामर केली. पडद्यावरचा नायक मोटारसायकलवर आला, तेव्हाच ती ओव्हरसियरच्या हातून निसटून तरुणांच्या हाती गेली, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. १९८४-८५ नंतर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या. १९८५ मध्येच औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यात दुचाकी तयार होऊ लागली. प्रतीक्षायादी हळूहळू विरघळली.

यादी विरघळताच आदरही विरघळला. महाविद्यालयाच्या फाटकाशी गाडी लावून उभा राहणारा तरुण ‘सडकसख्याहरी’ ठरला. त्याचा आवाज तोच, पण आता त्या आवाजाने पटके सावरले जात नव्हते, कपाळाला आठ्या पडत होत्या. झेंडे लावून निघणाऱ्या मोटारसायकलींच्या रांगा निवडणुकीचा अविभाज्य भाग बनल्या आणि नेत्याच्या मागे धावणारा बेकार तरुण ही मोटारसायकलस्वाराची नवी ओळख झाली. अर्थात, तो बेकार का होता हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उद्योग नाहीत, शेती कोरडवाहू, पदवी हाती पण नोकरी नाही, अशा तरुणाला त्या गाडीवरच काय ती गती अनुभवता येत होती.

याच काळात या वाहनाला एक भयाची छायाही चिकटली. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. मारेकरी मोटारसायकलवरून आले होते. त्या अस्वस्थ वर्षांत देशाच्या अनेक भागांत पगडीधारी मोटारसायकलस्वाराकडे विनाकारण संशयाने पाहिले गेले. श्रीगुरू गोविंदसिंहांच्या वास्तव्याने पावन झालेल्या, शीख आणि मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेल्या नांदेडसारख्या शहराला या संशयाचा अन्याय अधिक कळावा. पुढे २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडणारेही मोटारसायकलवरूनच आले. ‘मोटारसायकलवरून आलेल्या दोघा अज्ञात इसमांनी’ हे शब्द वृत्तपत्रांच्या छापील साच्याचा भाग झाले. दोष यंत्राचा नव्हता. पण भीती नेहमी दिसणाऱ्या वस्तूलाच चिकटते.

चाक कोणाचे, वाट कोणाची

तथापि, हा इतिहास केवळ पुरुषांचा आणि केवळ वरच्या जातींचा नाही. वाहनावर कोणी बसावे, याविषयी आपल्या समाजाचे अलिखित कायदे फटफटीहून फार जुने आहेत. १९२९ मध्ये चाळीसगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नेण्यास टांगेवाले तयार झाले नाहीत. तेव्हा टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या समाजबांधवाने लगाम हाती घेतला आणि टांगा उलटून बाबासाहेबांना दुखापत झाली. परदेशातील विद्यापीठांनी गौरवलेल्या बॅरिस्टराला टांग्याचे चाक नाकारणारा समाज आपल्याच मुलखातला होता. मराठवाड्यातील कित्येक गावांत दलित तरुणाने पाटलाच्या वाड्यापुढून सायकलवर बसून जाणेही उद्धटपणाचे मानले जाई. त्यामुळे शिकून नोकरीला लागलेला तरुण पहिल्यांदा मोटारसायकल घेऊन गावात येई, तेव्हा दलित वस्तीत जो आनंद होई तो चैनीच्या वस्तूचा नसे. न उतरता वेशीतून आत येण्याचा तो आनंद होता. आणि काहींच्या डोळ्यांत जी सल दिसे, तीही गाडीची नसे.

स्त्रियांच्या बाबतीत नजर आणखी निराळी होती. दुचाकीवरील स्त्रीची मान्य जागा म्हणजे मागची, एका बाजूला पाय सोडून बसण्याची. साडी चाकात अडकू नये म्हणून लावलेली जाळी हे तिच्या प्रवासाचे प्रतीकच म्हणावे लागेल. लूनाने आणि पुढे बिनगिअरच्या स्कूटरने तिला हँडल दिले. पुण्यात जे दृश्य लवकर नित्याचे झाले, ते नांदेड-लातुरात यायला वेळ लागला. पहिल्या शिक्षिका, परिचारिका आणि विद्यार्थिनी गाडी चालवू लागल्या तेव्हा त्यांच्याकडे वळून पाहिले गेले, त्यांच्यावर शेरे मारले गेले. आज लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात सकाळी सहाला मुली स्कूटरवरून येतात आणि कोणी मान वळवत नाही. उदासीनता ही सदैव वाईट नसते, याचा हा पुरावा आहे. काहींना समाजाने न पाहणे, हेच स्वातंत्र्य असते.

हुंड्याच्या यादीतील गाडी

एका ठिकाणी मात्र मोटारसायकलीची जुनी प्रतिष्ठा अद्याप जिवंत आहे, ती म्हणजे लग्नाची बैठक. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही सत्तरच्या दशकातील मागणी होती. नव्वदच्या दशकात तिची जागा मोटारसायकलीने घेतली आणि ‘हिरो होंडा’ हा शब्द वाहनाचा कमी, वरपक्षाच्या अपेक्षेचा अधिक वाचक झाला. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. परंतु ‘मुलाच्या हौसेसाठी’ दिलेली गाडी हुंडा मानली जात नाही, अशी सर्वांनी सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. सोयाबीनचा भाव पडो वा पाऊस दगा देवो, मुलीच्या बापाला गाडीचे पैसे उभे करावेच लागतात. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, वडिलांवर लग्नाच्या खर्चाचा बोजा नको म्हणून स्वतःचे जीवन संपवले, तेव्हा सारे राज्य हळहळले. हळहळ सरली, यादी मात्र कायम राहिली. ज्या समाजाने दूधवाल्याच्या कष्टाच्या राजदूतला हिणवले, तोच समाज सासऱ्याच्या कर्जाच्या गाडीवर मिरवणाऱ्या नवरदेवाचे कौतुक करतो. या मूल्यमापनाला काय म्हणावे?

चैन की गरज?

आता प्रश्न उरतो तो आजचा. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ११.७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. २०११ मध्ये हे प्रमाण २१ टक्के झाले. त्यानंतरची वाढ तर डोळ्यांनी दिसतेच आहे. ही केवळ सुबत्तेची वाढ नव्हे. रेल्वेचे जाळे विरळ, एस.टी. अनियमित, दवाखाना आणि महाविद्यालय तालुक्याला, अशा प्रदेशात मोटारसायकल ही सार्वजनिक वाहतुकीच्या उणिवेवर प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने काढलेला तोडगा आहे. २०२१-२२ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा हे अधिकच स्पष्ट झाले. पीककर्जासाठी बँकेचे उंबरे झिजवणाऱ्या शेतकऱ्याला गाडीचे कर्ज मात्र एका दुपारी मिळते. हप्ता थकला की गाडी ओढून नेणारे तितक्याच तत्परतेने येतात.

शासनाची नजरही बराच काळ जुनीच राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दुचाकीवर २८ टक्के, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीतील कर लावण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील हा कर १८ टक्क्यांवर आणला गेला. मजुराला कामावर नेणारे वाहन चैनीचे नाही, हे मान्य व्हायला आठ वर्षे लागली.

आणि याहून गंभीर बाब म्हणजे मृत्यूची. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली; त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. पगडी धारण करणाऱ्या शीख बांधवांना त्यात सवलत आहे आणि ती श्रद्धेचा मान राखणारी आहे. इतरांनी मात्र कोणत्याही श्रद्धेवाचून ही सवलत स्वतःच घेऊन टाकली आहे. सक्तीचे प्रयत्न झाले, विरोधामुळे ते मावळले. परंतु दोष केवळ स्वाराच्या डोक्यावर ठेवून भागणार नाही. अरुंद रस्ते, उसाच्या दिवे नसलेल्या ट्रॉल्या, खड्डे आणि तीन माणसांना एका गाडीवर बसायला लावणारी वाहतूकव्यवस्था, यांचाही हिशेब मांडला पाहिजे. अधिकाऱ्याच्या फटफटीला अपघात झाला असता तर जिल्हा हलला असता. आज मोंढ्यातून हमालीचे काम आटोपून रात्री परतणारा मजूर रस्त्यात पडतो आणि वृत्तपत्राच्या आतील पानावर त्याच्या वाट्याला चार ओळी येतात.

समाजाने मोटारसायकलस्वाराला कधी साहेब म्हटले, कधी भाग्यवान, कधी टारगट. या तिन्ही वेळी त्याने पाहिले ते वाहन, माणूस नव्हे. आज तर तो पाहतच नाही. नांदेडहून मुखेडकडे किंवा लातूरहून औशाकडे संध्याकाळच्या अंधारात जो स्वार निघतो, तो कोणाचा दूत नाही, नायक नाही आणि संशयितही नाही. पाठीमागे बायको, पुढे टाकीवर लेकरू आणि हँडलला बाजाराची पिशवी, असा तो एक सामान्य नागरिक आहे. त्याच्यासाठी आता कोणी पटका सावरण्याची गरज नाही. त्याला सुखरूप घरी पोचता येईल असा रस्ता आणि वेळेवर येणारी एस.टी. मिळाली, तर तेवढा आदर त्याला पुरेसा होईल.